ब्वेनो, ब्वेन की ब्येन?

स्पॅनिशच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'ब्वेनोस दीआस' भेटतं. अर्थ 'सुप्रभात'. शिकणारा ते पाठ करतो आणि पुढे सरकतो. थोडं थांबून पाहिलं तर या दोन शब्दांत बरंच काही घडलेलं दिसतं. 'दीआ' म्हणजे दिवस. हा शब्द 'आ'ने संपतो, तरी पुल्लिंगी आहे. अभिवादनात तो अनेकवचनी आला आहे, म्हणून त्याच्या आधीचं विशेषणही पुल्लिंगी अनेकवचनी झालं आहे. दुपारनंतर हेच अभिवादन 'ब्वेनास तार्देस' होतं आणि रात्री 'ब्वेनास नोचेस', कारण 'तार्दे' आणि 'नोचे' स्त्रीलिंगी आहेत. अर्जेंटिनात सकाळी एकवचनी 'ब्वेन दीआ' सर्रास ऐकू येतं, आणि तिथे तेच विशेषण आपला शेवटचा स्वर गाळून बसलेलं असतं.

हे विशेषण म्हणजे 'ब्वेनो', चांगला. सुमारे ५० कोटी लोकांच्या मातृभाषेतला अगदी रोजचा शब्द. तो नीट वापरता आला की स्पॅनिश विशेषणांचं बहुतेक व्याकरण हाताशी येतं, कारण या भाषेत विशेषणाच्या बाबतीत जे जे होऊ शकतं ते जवळजवळ सगळं या एका शब्दाच्या बाबतीत होतं: लिंग-वचनानुसार रूप बदलणं, नामाआधी आखूड होणं, जागा बदलली की अर्थ बदलणं, क्रियापद बदललं की भलताच अर्थ येणं.

आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजी माध्यमातून शिकवली जाते. पुस्तकं इंग्रजी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. इंग्रजी माणसाला विशेषणाचं रूप नामाप्रमाणे बदलायचं ही कल्पनाच नवी, म्हणून पुस्तकातली पंधरा-वीस पानं त्यातच खर्ची पडतात. मराठी माणसाला ती पानं नकोच असतात. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं, चांगल्या मुली' हे त्याच्या तोंडात लहानपणापासून आहे. त्याच्या चुका वेगळ्या ठिकाणी होतात, आणि नेमकी ती ठिकाणं या पुस्तकांत सापडत नाहीत. माझ्या मते मराठी माणसाने स्पॅनिश विशेषणाकडे मराठीतूनच जावं. अर्धी वाट सपाट मिळते. उरलेल्या वाटेवरचे खड्डेही मराठीचेच आहेत, तेवढे माहीत असले म्हणजे झालं.

आधी सपाट वाट. 'ब्वेनो आमिगो' नाही, पण 'आमिगो ब्वेनो' म्हणजे चांगला मित्र ('नाही' का म्हटलं ते पुढे येईल), 'आमिगा ब्वेना' म्हणजे चांगली मैत्रीण, 'आमिगोस ब्वेनोस' चांगले मित्र, 'आमिगास ब्वेनास' चांगल्या मैत्रिणी. आपल्याकडे आकारान्त विशेषणं विकारी आणि 'सुंदर', 'लाल', 'गोड' ही अविकारी. तशीच स्पॅनिशमध्ये 'ओ'ने संपणारी विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात. 'ग्रान्दे' (मोठा), 'बेर्दे' (हिरवा), 'फेलिस' (आनंदी) ही लिंगाला दाद देत नाहीत. फरक एवढाच की आपलं 'लाल' वचनालाही दाद देत नाही. 'लाल घर', 'लाल घरं'. स्पॅनिश विशेषणाला मात्र अनेकवचन चुकत नाही: एक घर 'ग्रान्दे', अनेक घरं 'ग्रान्देस'. मराठी शिकणारा इथे 'स' विसरतो. दुसरीकडे त्याला एक मोठी सूटही मिळते. 'चांगल्या मुलाला', 'चांगल्या मुलीने' यातलं सामान्यरूप स्पॅनिशमध्ये नाही. नामाआधी कोणतंही शब्दयोगी अव्यय येवो, 'ब्वेना' ही 'ब्वेना'च राहते.

मिश्र घोळक्याचं काय? आपण 'अनिल आणि सुनीता, दोघंही चांगली आहेत' म्हणतो, म्हणजे नपुंसकलिंगाचा आसरा घेतो. स्पॅनिशमध्ये लिंगं दोनच, आणि घोळक्यात एक जरी पुरुष असला तरी विशेषण पुल्लिंगी: 'सोन ब्वेनोस'. यावर स्त्रीवादी चळवळीने स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत बरीच हरकत घेतली आहे, नवे प्रत्ययही सुचवले आहेत. १७१३ साली स्थापन झालेली माद्रिदची 'रेआल अकादेमिया एस्पान्योला' ही भाषासंस्था मात्र जुन्या नियमावर ठाम आहे. परीक्षेत जुनाच नियम चालतो.

आदरार्थी अनेकवचन हा मराठीचा पहिला खड्डा. 'सर फार चांगले आहेत' या वाक्यात सर एकच, विशेषण अनेकवचनी. स्पॅनिशमध्ये आदरासाठी 'उस्तेद' हे सर्वनाम आहे, पण ते व्याकरणात ठाम एकवचनी आहे. 'उस्तेद एस मुय ब्वेनो' पुरुषाला, 'उस्तेद एस मुय ब्वेना' बाईला. आदर म्हणून 'ब्वेनोस' केलंत तर ऐकणारा मागे वळून दुसरं कोण उभं आहे ते पाहील.

दुसरा खड्डा 'लोक' या शब्दाचा. आपले लोक पुल्लिंगी अनेकवचनी. स्पॅनिश 'खेन्ते' (लोक) स्त्रीलिंगी एकवचनी. म्हणून 'ला खेन्ते एस ब्वेना', शब्दशः 'लोक चांगली आहे'. लॅटिन अमेरिकेत तर एकट्या माणसालाही 'खेन्ते' म्हणतात. 'पेद्रो एस ब्वेना खेन्ते' म्हणजे पेद्रो भला माणूस आहे. पेद्रो पुरुष असला म्हणून 'ब्वेना'चं 'ब्वेनो' होत नाही, कारण विशेषण पेद्रोशी जुळत नाही, 'खेन्ते'शी जुळतं. हे आपल्याला कठीण जाऊ नये. 'व्यक्ती' हा आपला शब्दही स्त्रीलिंगी आहे आणि 'रमेश ही चांगली व्यक्ती आहे' असं आपण बिनदिक्कत म्हणतोच. स्पॅनिश 'पेर्सोना' हुबेहूब तसाच चालतो.

विशेषण नामाच्या शेवटच्या अक्षराशी जुळत नाही, लिंगाशी जुळतं, हे एकदा पक्कं झालं की बऱ्याच चुका आपोआप टळतात. 'मापा' (नकाशा), 'प्रोब्लेमा', 'क्लिमा' (हवामान), 'इदिओमा' (भाषा) हे सगळे 'आ'ने संपणारे शब्द पुल्लिंगी आहेत. म्हणून चांगलं हवामान 'ब्वेन क्लिमा'. यातले बरेचसे ग्रीकमधून आले आहेत. उलट 'मानो' (हात) 'ओ'ने संपून स्त्रीलिंगी, आणि 'फोतो'सुद्धा, कारण तो 'फोतोग्राफिया'चा तुकडा आहे: 'ब्वेना फोतो'. सर्वांत फसवा शब्द 'आग्वा', पाणी. त्याला पुल्लिंगी उपपद 'एल' लागतं, कारण सुरुवातीच्या आघातयुक्त 'आ'पुढे स्त्रीलिंगी 'ला' उच्चारायला अडखळतं. पण शब्द स्त्रीलिंगीच. समुद्रात उतरलेला माणूस किनाऱ्यावरच्यांना ओरडून सांगतो ते 'एल आग्वा एस्ता ब्वेनीसिमा', पाणी मस्त आहे. उपपद एका लिंगाचं आणि विशेषण दुसऱ्या, तरी वाक्य शुद्ध.

विशेषणाचं लिंग किती कामाला येतं याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. ते स्पॅनिशचं नाही, तिच्या सख्ख्या बहिणीचं, पोर्तुगीजचं आहे. पोर्तुगीजमध्ये चांगला म्हणजे 'बोम' आणि चांगली म्हणजे 'बोआ'. जुन्या गोव्यातल्या, १६०५ साली अभिषेक झालेल्या बॉम जीझस बॅसिलिकेच्या नावातलं 'बॉम' ते हेच. 'बॉम्बे' हे नाव 'बोम बाईया', म्हणजे 'चांगला उपसागर', यावरून पडलं अशी एक व्युत्पत्ती इंग्रजी पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापली जाते. अडचण अशी की पोर्तुगीजमध्ये 'बाईया' स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीज माणूस 'बोआ बाईया' म्हणेल. 'बोम बाईया' त्याच्या कानाला तितकंच खटकेल जितकं आपल्याला 'चांगला खाडी'. मुंबादेवीवरून मुंबई ही व्युत्पत्ती मान्य करायला इतर कारणं आहेतच. पण दुसरी बाजू केवळ विशेषणाच्या एका स्वराने कोसळते, हे मला फार आवडतं.

आता 'ब्वेनो आमिगो' का नाही ते पाहू. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी आलं की 'ब्वेनो'चा 'ओ' गळतो आणि उरतं 'ब्वेन': 'ब्वेन आमिगो', 'ब्वेन बिआखे' (प्रवास सुखाचा होवो), 'ब्वेन प्रोबेचो' (जेवणाऱ्याला द्यायची शुभेच्छा). स्त्रीलिंगात असं होत नाही, 'ब्वेना इदेआ' म्हणजे चांगली कल्पना पूर्ण राहते. अनेकवचनातही होत नाही. 'मालो' (वाईट) याचं 'माल', 'प्रिमेरो' (पहिला) याचं 'प्रिमेर' आणि 'तेर्सेरो' (तिसरा) याचं 'तेर्सेर' याच नियमाने होतं. 'ग्रान्दे' मात्र दोन्ही लिंगांत आखडून 'ग्रान' होतो. 'सान्तो' (संत) याचा किस्सा नकाशावर वाचता येतो. त्याचं 'सान' होतं म्हणून सान फ्रान्सिस्को, सान खुआन, सान होसे. पण 'दो' किंवा 'तो'ने सुरू होणाऱ्या नावांपुढे ते पूर्णच राहतं, म्हणून डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सान्तो दोमिंगो. सान्ता बार्बारा स्त्री संत, तिथे आखडण्याचा प्रश्नच येत नाही.

'ब्वेन' फक्त नामाआधी येतं, मागे कधीच नाही. 'एल आमिगो एस ब्वेन' ही चूक ऐकायला मिळते. तिथे 'ब्वेनो'च हवं. नावामागे बिरुद म्हणून आलं तरी पूर्ण रूप लागतं. सेर्वान्तेसच्या 'दोन किखोते'चा दुसरा भाग १६१५ साली निघाला. त्याच्या अखेरीस मरणशय्येवरचा नायक वेडातून बाहेर येतो, किखोते हे नाव टाकून देतो आणि आपण आलोन्सो किखानो आहोत, चांगल्या वागणुकीमुळे लोकांनी 'एल ब्वेनो' म्हटलेला, असं सांगतो. तिथे 'ब्वेन' घातलं तर स्पॅनिश कान दचकेल.

ब्युनोस आयरेस या शहराच्या नावात हेच विशेषण अनेकवचनी बसलेलं आहे. 'आयरे' (हवा, वारा) हा शब्द पुल्लिंगी. नाव मात्र तिथल्या हवेचं कौतुक म्हणून पडलेलं नाही. १५३६ साली पेद्रो दे मेन्दोसाने ला प्लाता नदीच्या मुखाशी पहिली वसाहत केली. तिला त्याने 'ब्वेन आयरे'च्या सान्ता मारियाचं नाव दिलं. ही सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीची माता, दर्यावर्दी लोकांना अनुकूल वारा देणारी. ती वसाहत टिकली नाही. १५८० साली खुआन दे गारायने शहर पुन्हा वसवलं, आणि बंदराच्या लांबलचक नावातला शेवटचा तुकडा तेवढा आज उरला आहे. उच्चाराबद्दल एक सूचना इथेच: 'ब्यु' नाही, 'ब्वे'. आपल्याकडे रूढ झालेलं 'ब्युनोस' इंग्रजी वळणाने आलं आहे. वर मीही शहराचं नाव रूढीप्रमाणे लिहिलं, पण बोलताना 'ब्वेनोस' म्हणावं.

हा 'ब्वे' आला कुठून? लॅटिनमध्ये मूळ शब्द 'बोनुस'. लॅटिनमधला ऱ्हस्व 'ओ' आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये तो फाकून 'वे' होतो. 'नोवुस'चं 'न्वेबो' (नवा), 'पोर्ता'चं 'प्वेर्ता' (दार). आघात दुसरीकडे गेला की मूळ 'ओ' परत येतो. म्हणून चांगुलपणा 'बोन्दाद', 'ब्वेन्दाद' नाही. नावीन्य 'नोबेदाद', द्वारपाल 'पोर्तेरो'. मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये: आपलं 'दूध' प्रत्यय लागताच 'दुधात' होतं, 'मूल'चं 'मुलाला' होतं, स्वराला जागेप्रमाणे अंग चोरावं लागतं. या जुन्या नियमाने 'अतिशय चांगला' हे 'बोनीसिमो' व्हायला हवं, कारण आघात 'नी'वर आहे. शब्दकोशात ते आहेही. पण बोलणाऱ्यांनी नियम बाजूला ठेवून 'ब्वेनीसिमो' करून टाकलं आणि आज बाजारात, जेवणाच्या टेबलावर तेच ऐकू येतं. दोन्ही शुद्ध. 'बोनीसिमो' बोलण्यात वापरलंत तर जुन्या पुस्तकातून उठून आल्यासारखं वाटेल.

'अधिक चांगला' म्हणजे 'मेखोर'. हा लिंग बदलत नाही, अनेकवचनी 'मेखोरेस' होतो. 'मास मेखोर' (अधिक जास्त चांगला) ही स्पॅनिश मुलांचीही चूक आहे, तिला शिक्षक टोकतात. 'मास ब्वेनो' मात्र सरसकट चूक नाही. माणसाच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल बोलताना ते चालतं आणि 'मास ब्वेनो के एल पान', पावापेक्षाही चांगला, हा तर वाक्प्रचारच आहे. आपण ज्याला देवमाणूस म्हणू त्याच्यासाठी.

जागा बदलली की अर्थ कसा बदलतो हा विषय मराठीत नाहीच, कारण आपलं विशेषण नामाआधीच बसतं. स्पॅनिशमध्ये ते सहसा नामामागे जातं, पण 'ब्वेनो' दोन्हीकडे वावरतं. 'उन ब्वेन मेदिको' म्हणजे आपल्या कामात तरबेज डॉक्टर, रुग्णाशी तो तुसडा वागत असला तरी. 'उन ओम्ब्रे ब्वेनो' म्हणजे नीतीने, मनाने चांगला माणूस. 'उन ब्वेन ओम्ब्रे'ही भला माणूसच, पण त्यात अनेकदा 'साधाभोळा बिचारा' अशी छटा असते. ढोबळ सांगायचं तर नामाआधीचं 'ब्वेन' त्या नामाच्या भूमिकेचं मोल करतं: डॉक्टर म्हणून चांगला, मित्र म्हणून चांगला. नामामागचं 'ब्वेनो' इतरांतून निवडून काढतं. 'ग्रान्दे'च्या बाबतीत फरक आणखी ठळक: 'ग्रान ओम्ब्रे' थोर माणूस, 'ओम्ब्रे ग्रान्दे' धिप्पाड माणूस. यांची गल्लत श्रद्धांजलीच्या भाषणात होऊ नये.

नामाआधीच्या 'ब्वेन'ला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मराठीला घरचा आहे. 'उन ब्वेन रातो' म्हणजे चांगला बराच वेळ. 'उन ब्वेन सुस्तो' म्हणजे चांगलीच घाबरगुंडी. त्यात चांगलं काहीच नसतं. 'चांगला तासभर थांबलो', 'चांगलीच चापट बसली' यातलं 'चांगला' जे करतं तेच हे 'ब्वेन' करतं, माप वाढवतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. मराठी माणसाने फक्त विश्वास ठेवायचा.

आता खरा दलदलीचा भाग. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. स्वभाव, ओळख, वर्ग यासाठी 'सेर'. आत्ताची अवस्था, अनुभव, परिणाम यासाठी 'एस्तार'. 'ला लेचे एस ब्वेना' म्हणजे दूध (मुलांना, हाडांना) चांगलं असतं. 'ला लेचे एस्ता ब्वेना' म्हणजे हे दूध चवीला छान आहे, किंवा नासलेलं नाही. मराठीतला 'असतं' आणि 'आहे' यांचा भेद इथे छान बसतो आणि माणूस खूश होतो. तेवढ्यावर विसंबू नये. 'तो चांगला आहे' यात आपण 'आहे'च म्हणतो, पण स्वभाव सांगायचा असल्याने स्पॅनिशमध्ये 'एस ब्वेनो' लागतं. तिथे 'एस्ता ब्वेनो' म्हटलंत तर अर्थ होतो तो दिसायला, अंगाने आकर्षक आहे, आणि तेही जरा उघड्यावाघड्या बोलीत. आजारातून उठलेला असाही एक अर्थ शब्दकोशात आहे, पण बहुतेकांच्या मनात आधी पहिलाच येतो. आपल्या शिक्षिकेबद्दल 'एस्ता ब्वेना' म्हणणारा विद्यार्थी तिचं शिकवणं चांगलं आहे असं सांगत नसतो.

आणि मराठीचा सर्वांत खोल खड्डा नेमका याच्या शेजारी आहे. 'कशी आहेस?' या प्रश्नाला मराठी मुलगी म्हणते, 'मी बरी आहे.' मुलगा म्हणतो, 'मी बरा आहे.' आपल्याकडे हे विशेषण आहे आणि ते बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. याच सवयीने स्पॅनिशमध्ये 'एस्तोय ब्वेना' निघालं तर तिने नकळत स्वतःला आकर्षक म्हणवून घेतलेलं असतं. 'सोय ब्वेना' म्हटलं तर 'मी सुस्वभावी आहे'. दोन्ही उत्तरं चुकली. बरोबर उत्तर आहे 'एस्तोय ब्येन'. 'ब्येन' हे क्रियाविशेषण, ते कधीच बदलत नाही. मुलगा असो, मुलगी असो, सगळं कुटुंब असो, 'ब्येन'.

तोच प्रकार गाण्याबद्दल, पोहण्याबद्दल, स्वयंपाकाबद्दल बोलताना. मराठीत 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' असं आपण म्हणतो. क्रियेबद्दल बोलत असूनही 'चांगला' कर्त्याच्या लिंगाला चिकटून राहतो. म्हणून मराठी शिकणारा 'एया कान्ता ब्वेना' अशी चूक करतो. हवं आहे 'एया कान्ता ब्येन'. ती चांगली गायिका आहे असं म्हणायचं असेल तर मात्र विशेषण येतं आणि जुळतं: 'एस ब्वेना कान्तान्ते'. नामाचं वर्णन असेल तर 'ब्वेनो' आणि त्याची रूपं, क्रियेचं वर्णन असेल तर 'ब्येन'. मराठी कान जिथे जुळवायला धावतो तिथे त्याला थांबवणं हाच इथला सगळा सराव आहे.

काही ठिकाणी 'ब्वेनो' नामाशिवायही उभं राहतं. 'लो ब्वेनो' म्हणजे 'त्यातलं चांगलं'. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामं नाहीत, पण या 'लो'मध्ये नपुंसकलिंगाची सावली उरली आहे. 'लो ब्वेनो एस के...' म्हणजे 'चांगलं हे की...'. मराठीत 'चांगलं' हे रूप असल्याने आपल्याला ते लगेच पटतं. 'पोर लास ब्वेनास ओ पोर लास मालास' म्हणजे गोडीने नाहीतर जबरदस्तीने. यातलं स्त्रीलिंगी नाम कोणतं ते कुणी विचारत नाही. नुसतं 'ब्वेनास' हेही दिवसभर चालणारं सैल अभिवादन आहे. काही ठिकाणी विशेषण नामात विरघळून गेलं आहे: २४ डिसेंबरची रात्र 'नोचेब्वेना', चांगली रात्र, आणि पुदिना 'येर्बाब्वेना', चांगलं गवत. 'नोचे' आणि 'येर्बा' स्त्रीलिंगी, म्हणून दोन्हीकडे 'ब्वेना'.

शेवटी तो 'ब्वेनो' जो विशेषण राहिलेलाच नाही. वाक्याच्या सुरुवातीला येणारं 'ब्वेनो' म्हणजे आपलं 'बरं'. 'बरं, निघू या', 'बरं, बघतो', 'बरं मग?' या सगळ्या ठिकाणी ते चपखल बसतं, आणि गंमत म्हणजे आपलं 'बरं'ही 'चांगलं' या अर्थातूनच तिथवर आलं आहे. या 'ब्वेनो'ला लिंग नाही, वचन नाही. बाई बोलत असली तरी 'ब्वेना' होत नाही. बोलताना ते जितकं वापराल तितकं तुमचं स्पॅनिश कमी पुस्तकी वाटेल, आणि पुढचं वाक्य जुळवायला क्षणभर वेळही मिळेल.

मेक्सिकोत फोन उचलताना 'हॅलो'च्या जागी प्रश्नार्थक 'ब्वेनो?' म्हणतात. स्पेनमध्ये 'दीगा?' म्हणतात. मेक्सिकोतल्या कुणाला फोन लावलात आणि पलीकडून 'ब्वेनो?' ऐकू आलं, तर ते तुमची खुशाली विचारत नाहीत. 'ब्येन' म्हणू नका, आपलं नाव सांगा आणि कामाचं बोला.